हेडफोन घेण्यापूर्वी तंबोरा ऐकावा

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानात नोकरीस असलेल्या, वाकडच्या पुलापासून तिसऱ्या टप्प्यापर्यंतचा रस्ता कंपनीच्या बसमध्ये बसून दररोज दोन वेळा सोसणाऱ्या, दिवसभर एकाच विस्तीर्ण दालनात शेकडो सहकाऱ्यांच्या बोलण्याच्या कल्लोळात काम करणाऱ्या आणि रात्री माण किंवा मारुंजी येथील भाड्याच्या खोलीत परतणाऱ्या तरुण रसिकास संगीत ऐकावयाचे असेल, तर हेडफोनवाचून त्याला दुसरा मार्ग फारसा उरलेला नाही. चांगले स्पीकर ठेवावयास खोलीत जागा नसते, आणि जागा असली तरी भिंतीपलीकडे रात्रपाळी करून निजलेल्या शेजाऱ्याचा विचार करावाच लागतो. म्हणून हा विषय चैनीचा समजू नये. घरभाडे, गावी पाठवावयाची रक्कम आणि शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता वजा जाता जी शिल्लक उरते, तीतून पाच-दहा हजार रुपये केवळ श्रवणासाठी बाजूला काढणे ही सामान्य पगारदारास सहज साधणारी गोष्ट नव्हे. आणि ज्या अर्थी ती रक्कम एकदाच खर्च व्हावयाची आहे, त्या अर्थी ती कोणत्या क्रमाने कशावर खर्च करावी याची पूर्ण खातरजमा करूनच पेठेत पाऊल टाकणे इष्ट होय.

पहिला गैरसमज किमतीविषयीचा. जिन्नस जितका महाग तितका त्याचा नाद शुद्ध, अशी समजूत ग्राहकाच्या मनात इतकी खोल रुजलेली असते की विक्रेत्याला ती जोपासण्याचे श्रमही घ्यावे लागत नाहीत. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात अडीचशेहून अधिक हेडफोनांच्या मोजमापांची छाननी प्रसिद्ध केली. हेडफोनाची किंमत आणि खर्जापासून तारेपर्यंतच्या स्वरांचे त्याने राखलेले प्रमाण यांचा परस्परांशी संबंध आढळत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. याचा अर्थ महाग वस्तूत काहीच अधिक मिळत नाही असा नव्हे. टिकाऊ सांगाडा, डोक्यावर सुखाने बसणारी पट्टी, सुटे भाग मिळण्याची सोय, या गोष्टींचा मोबदला किमतीत असतोच. परंतु कानाशी ज्याचा साक्षात संबंध ते स्वरसंतुलन पैशाच्या प्रमाणात वाढत नाही, आणि मर्यादित ऐपतीच्या श्रोत्याला याहून आश्वासक अशी दुसरी बाब नाही.

स्वरसंतुलन म्हणजे नेमके काय, हा प्रश्न यानंतर ओघानेच येतो. हार्मन या उद्योगसमूहात शॉन ऑलिव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, चांगल्या खोलीत मांडलेल्या चांगल्या स्पीकरांसारखा नाद जो हेडफोन देतो तोच बहुसंख्य श्रोत्यांना पसंत पडतो. यामागील कारण शरीररचनेतच आहे. समोरून येणारा ध्वनी आपल्या कर्णपाळीवर आणि कर्णनलिकेत खेळत आत जातो तेव्हा तीन हजार हर्ट्झच्या सुमाराची कंपने निसर्गतःच वाढतात. हेडफोन कानालगत, किंवा कानाच्या आतच, बसत असल्याने ती वाढ बरीचशी हरवते, आणि म्हणून हेडफोन घडविणाऱ्यास ती हिशेबाने परत घालावी लागते. जो ही भरपाई करीत नाही त्याचा गवई पडद्याआडून गाणारा वाटतो. जो ती अति करतो त्याची गायिका कानाशी ओरडते. स्वस्त मालातील नेहमीचा दोष मात्र याहून निराळा असतो. दुकानात पहिल्या अर्ध्या मिनिटात गिऱ्हाइकाने भारावून जावे म्हणून खर्ज फुगविलेला असतो, इतका की त्याचे ओझे वरच्या सप्तकांवर पडून शब्द मातकट होतात. निरनिराळ्या हेडफोनांचे आलेख आज कोणालाही विनामूल्य पाहावयास मिळतात आणि ते वाचावयास शिकणे अवघड नाही. तथापि शेवटचा निवाडा कानाने द्यावयाचा आहे, आणि त्यासाठी पुण्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसापाशी एक अपूर्व कसोटी आधीच उपलब्ध आहे.

ती कसोटी म्हणजे तंबोरा. काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते, आणि तिच्यावर उपस्वरांची जी दाट सावली उभी राहते ती हजारो हर्ट्झपर्यंत जाऊन पोचते. म्हणजे एका तारेच्या एका छेडीत श्रवणाचा बहुतेक सर्व पल्ला सामावलेला असतो. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूशी ज्या उपस्वरांचे कंपन शून्य असते ते उपस्वर नादात उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. परंतु चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील १९२१ च्या आपल्या टिपणात दाखवून दिले की, आमच्या तंबोऱ्याच्या रुंद आणि किंचित वक्र घोडीवर तार चाटून जात असल्यामुळे तेही उपस्वर ठणठणीत उमटतात. आपले गवई ज्याला जवारी म्हणतात, जिच्यासाठी घोडीवर तारेखाली सुताचा दोरा मागेपुढे सरकवीत बसतात, ती हीच. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

आता हेडफोन कानाला लावून तंबोऱ्याचे केवळ दोन मिनिटांचे चांगले ध्वनिमुद्रण ऐकावे. तारा उत्तम मिळालेल्या असतील तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप निघतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तो त्या तारेच्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या सुमारास असतो. तो सहज, न शोधता कानी पडला पाहिजे. खर्ज फुगलेल्या हेडफोनात तो बुडून जातो आणि उरतो तो निव्वळ घुमारा. उलट, सहा-सात हजार हर्ट्झच्या प्रदेशात ज्याचा आलेख टोकदार शिखर काढतो अशा हेडफोनात जवारी रेशमासारखी न उलगडता पत्र्यासारखी खणखणते, आणि दहा मिनिटांत डोके जड होते. चारही तारा एकमेकींत मिसळून अखंड आवर्तन व्हावे आणि तरीही प्रत्येक तार कोणत्या क्षणी छेडली ते ओळखू यावे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारा हेडफोन, मग तो दोन हजारांचा का असेना, आपल्या विश्वासास पात्र आहे असे मी निःशंकपणे सांगेन.

तंबोऱ्यानंतर तबला घ्यावा. शाईमुळे तबल्याच्या कातडी पुडीतून सुरेल उपस्वर निघतात, ही गोष्टही रामन यांनीच १९२० साली ‘नेचर’मधून जगापुढे मांडली होती, म्हणून ‘ना’ आणि ‘तिं’ या बोलांत नुसती थाप ऐकू न येता स्वर ऐकू आला पाहिजे, आणि डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड वर चढताना तिचा प्रवास पायरीपायरीने समजला पाहिजे. केवळ धप्प असा एकच ठोका ऐकू येत असेल तर त्या हेडफोनाचा खर्ज मोठा असला तरी नेमका नाही. मग तार सप्तकात जाणारा स्त्रीचा आवाज ऐकावा. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे सुईसारखी टोचू लागली तर तो सौदा तेथेच सोडून द्यावा. शेवटी एखादी लाखेची जुनी तबकडी, अब्दुल करीम खाँसाहेबांची मिळाल्यास उत्तमच, तिच्या खरखरीसकट ऐकावी. सुजाण हेडफोनात खरखर एका बाजूस राहते आणि खाँसाहेबांचा पातळ, धारदार स्वर तीतून वेगळा निघतो. अडाणी हेडफोनात दोन्ही एकमेकांत कालवले जातात.

अशी तुलना करताना एक दक्षता अवश्य घ्यावी. दोन हेडफोनांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा असेल तोच माणसाच्या कानाला सरस वाटतो, हा श्रवणाचा स्वभाव आहे. तेव्हा दोहोंची पातळी शक्य तितकी समान करून मगच मत बनवावे. तसेच पहिल्या पाच मिनिटांची दिपवणूक विसरून किमान अर्धा तास ऐकावे. दुकानात ही मुभा क्वचितच मिळते, कारण तेथील हेडफोन बहुधा खोक्यात किंवा काचेआड असतात. हिंजवडीत मात्र एक सोय अशी की, प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मजल्यावर या विषयाचे वेड असलेले एक-दोन सहकारी हमखास सापडतात, आणि असे लोक आपली वस्तू एका संध्याकाळपुरती ऐकावयास देण्यात बहुधा हात आखडता घेत नाहीत. ती विनंती करावयास संकोचू नये. पुढे आपली वस्तू दुसऱ्यास त्याच मोकळेपणाने द्यावी एवढेच.

कसोटी ठरली, पण तिच्याही आधी एक प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे, तो म्हणजे आपण नक्की कोठे बसून ऐकणार. हेडफोनांत उघड्या पाठीचे आणि बंद पाठीचे असे दोन भेद आहेत. उघड्या पाठीच्या हेडफोनात नाद मोकळा, ऐसपैस वाटतो, गवई डोक्याच्या आत न बसता थोडा समोर बसल्याचा भास होतो; १९६८ साली सेनहायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ काढून ही पद्धत रूढ केली. परंतु त्यातून बाहेरचा गलका आत येतो आणि आतले गाणे शेजारच्या टेबलापर्यंत पोचते, म्हणून कार्यालयात किंवा बसमध्ये तो सर्वस्वी निरुपयोगी आहे. रात्री खोलीत एकट्याने ऐकणाऱ्यानेच त्याच्या वाटेस जावे. ज्याचे श्रवण मुख्यतः बसच्या प्रवासात आणि कार्यालयात व्हावयाचे, त्याने बंद पाठीचा हेडफोन किंवा कानाच्या आत बसणारे इअरफोन घ्यावेत. माझ्या मते या दुसऱ्या श्रोत्यास इअरफोनच अधिक हितकर. ते गर्दीत खिशात राहतात, उकाड्यात कान घामेजत नाहीत, आणि रबरी टिप नीट बसली तर बसच्या इंजिनाची घरघर बरीचशी बाहेरच राहते. टिप नीट बसणे हा यातला कळीचा भाग आहे. ती सैल बसली तर खर्ज गळून जातो आणि श्रोता निष्कारण त्या कंपनीस दोष देतो. खोक्यातील लहान-मोठ्या सर्व टिप दोन्ही कानांत आलटून पालटून पाहाव्यात, कारण पुष्कळांच्या डाव्या आणि उजव्या कानांचे माप सारखे नसते. चष्मा वापरणाऱ्यांनी मोठ्या हेडफोनाबाबत हीच काळजी घ्यावी. चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते आणि तीतून खर्ज निसटतो.

याच ठिकाणी आवाजाच्या पातळीविषयी सांगून टाकतो. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत गाणे मोठे करतो, आणि बसमधल्या गोंगाटावर मात करण्यासाठी ठेवलेली ती पातळी खोलीत उतरल्यावरही तशीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबेल पातळीचे श्रवण आठवड्यास ४० तासांपर्यंत सुरक्षित मानले आहे. ९० डेसिबेलला हीच मुदत केवळ ४ तासांवर येते. हिंजवडीतील नोकरदाराच्या कानाला दिवसभराच्या बैठकाही याच यंत्रातून ऐकाव्या लागतात, तेव्हा हा हिशेब त्याने इतरांहून अधिक कसोशीने ठेवला पाहिजे. दुचाकी चालविताना आणि पाण्याच्या टँकरांनी गजबजलेल्या रस्त्याच्या कडेने पायी जाताना कान मोकळेच ठेवावेत, याविषयी तर मतभेदाला जागाच नाही.

आता तारेचा की बिनतारी, हा वाद. मर्यादित रक्कम हाती असणाऱ्यास माझी शिफारस तारेच्या हेडफोनाची आहे, आणि तिची कारणे भावनेची नसून जमाखर्चाची आहेत. बिनतारी हेडफोनाच्या किमतीत विद्युत्‌घट, संदेशग्राहक, मायक्रोफोन अशा अनेक वस्तूंचा वाटा असतो, म्हणून तेवढ्याच किमतीत प्रत्यक्ष नादासाठी थोडाच पैसा उरतो. शिवाय घटाची शक्ती काही वर्षांत क्षीण होते आणि तो बदलून मिळणे कठीण, म्हणजे चांगला हेडफोनही त्याबरोबर निकालात निघतो. याउलट सोनीचा ‘एमडीआर-७५०६’ १९९१ पासून आणि सेनहायझरचा ‘एचडी ६००’ १९९७ पासून ध्वनिमुद्रणगृहांत आणि घरांत वापरात आहे, आणि त्यांच्या गाद्या व तारा आजही बदलून मिळतात. बिनतारी यंत्राचा आणखी एक दोष आमच्या या वसाहतीतच विशेष जाणवतो. बैठक सुरू होऊन हेडफोनातील मायक्रोफोन जागा झाला की बहुतेक ब्लूटूथ यंत्रे संभाषणाच्या निकृष्ट पद्धतीवर उतरतात आणि नाद एकाएकी टेलिफोनसारखा चिरका होतो. इंजिनाचा किंवा वातानुकूलनाचा एकसुरी गुंजारव घालविणारी सोय बिनतारी हेडफोनात चांगली असते हे मी नाकारीत नाही. पण शेजारच्या टेबलावरील गप्पा तीमुळे थांबत नाहीत.

तारेच्या हेडफोनासाठी स्वतंत्र अॅम्प्लिफायर हवाच, असा धाक नवख्यास घातला जातो. येथे थोडे गणित पाहावे. ‘एचडी ६००’ सारखा ३०० ओहम अवरोधाचा, अवघड समजला जाणारा हेडफोनदेखील एक व्होल्ट दाब मिळाला की ९७ डेसिबेल आवाज देतो, आणि फोनला लावावयाच्या साध्या, हजार-बाराशे रुपयांच्या चांगल्या डोंगलातून सुमारे एक व्होल्ट मिळू शकतो. शांत खोलीतील ख्यालगायनास एवढे पुरेसे आहे. तीस-चाळीस ओहमच्या हेडफोनास तर लॅपटॉपचे छिद्रही पुरते. तेव्हा पहिल्या खरेदीत अॅम्प्लिफायर, चांदीचा मुलामा दिलेल्या तारा आणि तत्सम उपकरणे यांच्यावर एक पैही घालवू नये. मीटरभर साध्या तांब्याच्या तारेचा अवरोध इतका अल्प असतो की त्याने नादात ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही. तीच रक्कम वर्ष-दोन वर्षांनी नव्या गाद्या घेण्यास राखून ठेवावी, कारण पुण्याच्या पावसाळी दमटपणात कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे लवकर सुटतात. स्वरसंतुलनातील लहानसहान उणीव फोनमधील इक्वलायझरने विनामूल्य सुधारता येते. कंपनीच्या लॅपटॉपवर असे सॉफ्टवेअर बसविण्याची परवानगी सहसा मिळत नाही. तो प्रयोग स्वतःच्या फोनवर करावा.

खरेदीसाठी पुण्यात तपकीर गल्लीची आठवण प्रथम होते. जॅक, तारा, टिप, डोंगल या किरकोळ जिनसांसाठी ती पेठ उत्तमच आहे, आणि तुटलेली तार डागून देणारे कुशल हातही त्या बाजूस भेटतात. परंतु नामांकित कंपनीचा हेडफोन निम्म्या किमतीत कोणी देऊ केला तर तो बनावट असण्याचीच शक्यता धरावी. पक्की पावती, खोक्यावरचा क्रमांक आणि भारतातील अधिकृत हमी या तिन्हींची शहानिशा झाल्यावाचून रक्कम मोजू नये. जुना हेडफोन घेण्यास मात्र मुळीच हरकत नाही. परदेशी बदली झालेले सहकारी आपले सामान येथे नित्य विकीत असतात. दोन्ही बाजूंचा आवाज समान आहे काय, जॅकजवळ तार हलविली असता खरखर होते काय, एवढे पाहून निर्धास्तपणे सौदा करावा.

रकमेनुसार सांगावयाचे तर, हाती दोन हजार रुपये असलेल्याने मूनड्रॉपसारख्या चिनी कंपन्यांच्या तारेच्या इअरफोनांकडे वळावे. गेल्या काही वर्षांत या किमतीत जे स्वरसंतुलन मिळू लागले आहे ते पूर्वी दसपट पैशांतही दुर्मिळ होते. पाच ते दहा हजारांत बंद पाठीचा हेडफोन हवा असेल तर ऑडिओ-टेक्निकाचे ‘एम२०एक्स’ आणि ‘एम४०एक्स’ आधी ऐकून पाहावेत. पंधरा हजारांच्या पुढेमागे जाण्याची ऐपत असून खोलीत शांतता लाभत असेल त्याने सेनहायझरच्या उघड्या पाठीच्या ‘एचडी ५६०एस’चा विचार करावा. सणासुदीच्या सवलतीत या किमती बऱ्याच उतरतात, म्हणून दसरा-दिवाळीपर्यंत थांबता येत असल्यास थांबावे. हप्त्यावर मात्र हेडफोन कधीही घेऊ नये. ज्याच्यापाशी आज दोन हजारच आहेत त्याने दोन हजारांचेच इअरफोन घ्यावेत, टिप नीट बसवावी, आणि उरलेल्या पैशांची वाट न पाहता आजच रात्री ऐकावयास बसावे.